फरार पेशंटची नक्कल

घाटंजीच्या तहसिलीसमोर संघदीप मुनेश्वरचं झेरॉक्सचं दुकान होतं. सातबारा, आधार, टीसी, जातीचा दाखला, कोणाचा कोणताही कागद असो, तो एका मिनिटात एकाचे दोन करून द्यायचा. अर्ध्या तालुक्याच्या कागदांना त्याच्या मशीनने जुळी भावंडं दिली होती. तेव्हा आपल्या बापाच्या दवाखान्यातल्या कागदांची एक नक्कल आणायला फार तर अर्धा दिवस लागेल असं त्याला वाटलं, यात त्याची चूक नव्हती. चूक त्याआधी झाली होती, आणि तीही त्यानेच केली होती.

झालं असं, की बोंडअळीच्या साली, म्हणजे मागल्याच वर्षी, त्याचे बाबा डोमाजी दुसऱ्याच्या वावरात रोजीने फवारा मारता मारता पडले. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, वारा तोंडावर येणारा, पाठीवर पंप. त्या हंगामात जिल्ह्यात अशी माणसं रोज पडत होती. डोमाजींना यवतमाळला गोपिकाबाई ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. तिथे ते श्वासाच्या मशीनवर राहिले, अकरा दिवसांनी घरी आले, आणि सोबत भरतीची एक चिठ्ठी आली. बसच्या तिकिटाएवढी, तिच्यावर नंबर. महत्त्वाचा कागद लॅमिनेट करायचा, हा संघदीपच्या धंद्याचा धर्म. त्याने ती चिठ्ठी मोठ्या मायेने मशीनमध्ये सरकवली. ती निघाली आच लागली की काळा पडणाऱ्या कागदाची. मशीनची आच लागली आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी झाली. आता तिला पाणी लागणार नव्हतं, वाळवी लागणार नव्हती, आणि पुढची शंभर वर्षं ती अशीच काळी राहणार होती.

वर्षभर तिचं काम पडलं नाही. मग डोमाजींचा हर्निया वाढला. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून शुक्रवारची तारीख दिली आणि सांगितलं की उशीर करू नका, आतडं अडकलं तर ते तारीख पाहून अडकत नाही. वीस वर्षं पंप वाहून पाठीचे मणके वाकले होते, म्हणून कमरेतून सुई देणं जमणार नव्हतं, पूर्ण भूल द्यावी लागणार होती. इथे भूल देणाऱ्या मॅडम अडल्या.

"मागच्या वर्षी श्वासाची नळी टाकताना यांना कोणतं औषध दिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मले काय मालूम," डोमाजी म्हणाले. "मी तवा बेशुद्ध होतो."

"फवारणीच्या विषानंतर काही औषधं शरीरातून लवकर उतरत नाहीत. यांना काय दिलं आणि मग श्वास किती वेळाने आला, तो कागद मला पाहिजे. तो असेल तर शुक्रवारी ऑपरेशन. नसेल तर मी यांना झोपवणार नाही, कारण उठवता येईल की नाही हे मला माहीत नाही."

इतकं साफ बोलणारी डॉक्टर संघदीपने पहिल्यांदा पाहिली. त्याला ती आवडली. कागद आणतो, म्हणाला.

सोमवारी तो यवतमाळला पोचला. नकलांच्या खिडकीवर बोर्ड होता: रुग्णाच्या कागदपत्रांची नक्कल अर्ज केल्यापासून ७२ तासांत मिळेल. संघदीपने बोटांवर तास मोजले. गुरुवार येत होता. मग त्याला बोर्डाखाली चिकटवलेला दुसरा कागद दिसला: झेरॉक्स मशीन बंद असल्यामुळे ७२ तासांची मोजणी मशीन सुरू झाल्यावर सुरू होईल. त्या कागदाचे कोपरे पिवळे पडले होते.

"नंबर?" खिडकीतल्या ममता मॅडमनी विचारलं.

संघदीपने काळी चिठ्ठी आत सरकवली. मॅडमनी ती उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"हे काय आहे?"

"नंबर."

"नंबर कुठे आहे यात?"

"आत आहे मॅडम. दिसत नाही फक्त."

"कोण्या गाढवानं लॅमिनेशन केलं हे?"

"आमच्या तिकडचा एक झेरॉक्सवाला आहे," संघदीप म्हणाला.

मॅडम मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी नावावरून कॉम्प्युटरमध्ये शोधलं. डोमाजी मुनेश्वर, वय बावन्न, पुरुष, विषबाधा, सापडले. मॅडमनी पुढे वाचलं आणि चष्मा काढला.

"हे तर फरार आहेत."

"कोण?"

"तुमचे वडील. भरतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी फरार. इथे लिहिलं आहे, राउंडच्या वेळी रुग्ण बेडवर आढळला नाही."

"मॅडम, तिसऱ्या दिवशी सकाळी ते श्वासाच्या मशीनवर होते. पहाटेच वरच्या मजल्यावर आयसीयूत नेलं त्याइले."

"म्हणजे बेडवर नव्हतेच ना."

संघदीपने ते वाक्य मनात उलटंसुलटं करून पाहिलं. त्या वाक्यात खोट काढता येत नव्हती.

"विषबाधेची केस म्हणून आम्ही पोलिसांनाही कळवलं होतं," मॅडम म्हणाल्या आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. पोलिसांचं उत्तर स्कॅन करून लावलेलं होतं. संघदीपने ते दोनदा वाचलं. 'सदर इसमाचा राहत्या घरी शोध घेतला असता, तो गोपिकाबाई दवाखान्यात भरती असल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले. सबब सदर इसम घरी मिळून आला नाही.' खाली दवाखान्याचा शिक्का होता: प्राप्त.

"मॅडम, हे पाहा ना. पोलीस सांगून राह्यले की ते तुमच्याच इथं होते."

"पोलिसांनी लिहिलं मिळून आला नाही. शेवटची ओळ धरावी लागते." मॅडमनी चष्मा घातला. "आणि फरार पेशंटचे कागद दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत. त्याला आधी स्वतः हजर व्हावं लागते."

मंगळवारी डोमाजी हजर झाले. एसटीतून, एक हात पोटाखाली दाबून, गळ्यात दुपट्टा, आणि पुन्हा वाढवलेल्या मिशीला तेल लावून. या मिशीचं एक दुखणं होतं. मागल्या वर्षी ते शुद्धीवर आले तेव्हा ती जागेवर नव्हती, आणि ती कोणी काढली, कायले काढली, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. विषाचा राग त्यांनी धरला नव्हता. वावराच्या मालकाचाही नाही. मिशीचा मात्र धरला होता.

हजर होण्याचाही एक फॉर्म होता. त्यात एक रकाना होता, पळून जाण्याचे कारण.

"काय लिहू?" संघदीपने विचारलं.

"लिव, बेशुद्ध होतो," डोमाजी म्हणाले.

संघदीपने लिहिलं. ममता मॅडमनी वाचलं, आणि कारण भरलेलं आहे एवढं पाहून शिक्का मारला.

"मॅडम, अजून एक रकाना पाह्यजे होता," डोमाजी खिडकीत वाकून म्हणाले. "भरती झालो तवा मले मिशी होती. घरी गेलो तवा नव्हती. मधात काय झालं थे कोनी लिवलं असन का?"

"काका, हा नकलांचा विभाग आहे. वस्तू हरवल्याचा बाजूला."

मग फाइल आली. ती तीन दिवसांची होती, आणि तिसरा दिवसही अर्धाच. नळी टाकल्याचा, भुलीच्या औषधाचा, मशीनचा एक शब्द त्यात नव्हता.

"आयसीयूची फाइल वेगळी बनते," मॅडम म्हणाल्या. "त्या साली इतकी गर्दी होती की तिथल्या फाइली कॉम्प्युटरवर चढल्याच नाहीत. खाली तळघरात आहेत. रेकॉर्डवाले लखीराम भाऊ उद्या येतील."

"आज काहून नाही?"

"आज ते रेकॉर्ड घेऊन कोर्टात गेले आहेत."

परतीच्या एसटीत बापलेक शेजारी बसले. प्रत्येक गतिरोधकावर डोमाजी पोट धरत, आणि संघदीपला वाटे की हा आपल्याचसाठी कोणीतरी मुद्दाम बांधलेला आहे. जोडमोह्याच्या पुढे डोमाजी म्हणाले, "कागद नाई भेटला तं राहू दे. पट्टा बांधून काढतो हे साल."

"डॉक्टर काय म्हनली ऐकलं ना, बाबा?"

"ऐकलं. म्हून तं भेव लागते."

डोमाजींच्या तोंडून हा शब्द संघदीपने आधी ऐकला नव्हता. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पऱ्हाटी होती, ती त्याला पाहवेना, म्हणून त्याने समोरच्या सीटवर कोणीतरी कोरलेली नावं वाचायला घेतली.

बुधवारी तो एकटाच तळघरात उतरला. शिपायाने दारावर मोबाईल ठेवून घेतला. कागदांचे फोटो काढायला मनाई होती. आत लखीराम राठोड एका स्टुलावर बसून ज्वारीची भाकर खात होते. पन्नाशीचा, दणकट, पुसदकडचा माणूस. त्यांच्या मागे लोखंडी रॅक होते, रॅकवर फाइली होत्या, आणि प्रत्येक फाइलीला सुतळीने एकेक रिकामी बाटली बांधलेली होती.

"नाव डोमाजी मुनेश्वर," संघदीप म्हणाला.

"नावानं काय होते बाप्पा. औषध कोणतं होतं?"

"म्हणजे?"

लखीरामांनी भाकर खाली ठेवली. "पाह्य. त्या साली जो पेशंट आला त्याच्यासंगं बाटली आली. कोणतं विष हाय थे डॉक्टरले दिसलं पाह्यजे म्हून लोकं वावरातून बाटली घेऊन धावत. पेशंट बरा होऊन गेला, बाटली राह्यली. फेकाव तं पोलीस केस. ठेवाव तं कोठी ठेवाव? म्हून ज्याची बाटली त्याच्या फाइलीले बांधली. आता बाटलीचा रंग पाह्यला अन् फाइली लावल्या त्या हिशोबानं. हा लाल झाकणाचा रॅक, हा हिरव्या लेबलचा, हा पिवळा. तुह्या बाबाचं कोणतं?"

"तीन एकत्र मिसळून मारलं होतं."

"मंग तीन रॅक," लखीराम म्हणाले आणि भाकर उचलली.

संघदीपने लाल झाकणापासून सुरुवात केली. मुनेश्वर कुठेच नव्हता. मोघे होता, मडावी होता, मेश्राम सात होते. एका फाइलीवर फक्त 'मामा' लिहिलेलं होतं. साडेअकराला त्याने हिरवं लेबल धरलं. साडेबाराला हात धुऊन यावेत असं वाटलं आणि धुऊन आला. परवाचा शुक्रवार त्याच्या मानेवर बसला होता. एक वाजता त्याने एक फाइल इतक्या जोरात आपटली की तिची बाटली सुटून घरंगळत लखीरामांच्या पायाशी गेली.

"बाटलीवर राग काढू नको," लखीराम म्हणाले. "तिनं तिचं काम केलं."

तेवढ्यात जिन्यावरून त्याची माय मथुराबाई उतरली. हातात डबा. तीन दिवस पोरगा सकाळी उपाशी घरातून जाऊन राहिला होता, आणि ही गोष्ट तिला हर्नियाइतकीच गंभीर वाटत होती.

"माय, तू कायले आली? बाबा एकटे हायेत ना."

"शेजारची सुखीबाई बसली हाय. तू जेव." ती डबा ठेवायला जागा शोधत पिवळ्या रॅककडे गेली आणि तिथेच थांबली. "हा माह्या लुगड्याचा काठ हाय."

एका फाइलीची बाटली सुतळीने नाही, चिंधीने बांधलेली होती. पांढरं कापड, निळा काठ.

"दीक्षाभूमीले जाच्यासाठी नवं घेतलं होतं," मथुराबाई म्हणाली. "बाटली हातात गळे म्हून त्याचाच पदर फाडून गुंडाळली. कोनी सोडलीच नाई का अजून?"

संघदीपने फाइल ओढली. वर नाव होतं: मथुराबाई मुनेश्वर. वय बावन्न. स्त्री.

संघदीपने पुठ्ठा मायपुढे धरला.

"माय," संघदीप अगदी सावकाश म्हणाला. "हे काहून झालं?"

मथुराबाई आठवायला लागली. "तू औषध आनाले खाली गेलता. थो पोरगा डॉक्टर आला. म्हने पेशंटचं नाव सांगा. आता मी कशी घेऊ नाव? म्या म्हनलं, संघदीपचे बाबा. तं थो म्हने, असं नाई चालत मावशी, नाव सांगा. म्या चूप. त्याले घाई होती, तिकडं अजून दोघं आनले होते. मंग म्हने, तुमचं तरी सांगा. म्या सांगतलं. वय तेवढं त्याइचं सांगतलं."

"माय, बत्तीस साल झाले लग्नाले. बुद्धविहारात तूच बायाइले भाषण देते का नाई, की जुने रिवाज सोडा."

"भाषण वायलं. नाव वायलं."

लखीराम हसले नाहीत, त्यांनी फक्त डब्यातला थोडा ठेचा मागितला. संघदीप पानं उलटत होता. नळी टाकल्याची वेळ होती. औषधाचं नाव होतं, प्रमाण होतं. खाली लाल शाईत: 'या औषधानंतर सहा तास स्वतःचा श्वास नाही.' नागपूरच्या मॅडमना जे पाहिजे होतं ते सगळं इथे होतं, फक्त दुसऱ्याच माणसाला झालेलं होतं.

"हे नाव चुकलं हाय काका. दुरुस्त करून द्या."

"दुरुस्तीले कमिटी हाय," लखीराम म्हणाले. "महिन्याच्या पहिल्या शनिवारी बसते. मागल्या तीन शनिवारी बसली नाई."

"बाबाचं ऑपरेशन परवा हाय."

"मंग चुकलं म्हनू नको ना लेका. चुकलं म्हटलं की कमिटी. बरोबर हाय म्हटलं तं पेशंटनं अर्ज कराव, आधार दाखवाव, अन् नक्कल नेवाव." त्यांनी मथुराबाईकडे पाहिलं. "पेशंट तं उभा हाय समोर."

मथुराबाईने पदर सारखा केला. "लिव मंग," ती मुलाला म्हणाली.

ममता मॅडमनी आधार पाहिलं, फाइल पाहिली. आधारात वय सेहेचाळीस होतं, फाइलीत बावन्न.

"वयात फरक आहे."

"तवा लय बिमार होती," मथुराबाई म्हणाली. "जास्त दिसत असन."

मॅडमनी यावर विचार केला आणि तो त्यांना पटला. "आता बरं आहे ना? श्वासाचा त्रास?"

"नाई बाई. जिन्यानं उतरली मी."

"छान. अर्ज घेतला. मशीन सुरू झाली की कळवू."

संघदीपने खिडकीच्या जाळीला कपाळ टेकवलं. तीन दिवसांत तो बापाला फरारीतून सोडवून आला होता, आईला विषबाधा करून आला होता, आणि आता एका झेरॉक्स मशीनपाशी अडला होता. जगात त्याला कोणती एकच गोष्ट येत असेल, तर ती.

"मॅडम, मशीन कोठे आहे?"

"का?"

"पाहू तर द्या."

मशीन कोपऱ्यात होती, तिच्यावर प्लास्टिकची फुलदाणी ठेवलेली. त्याने फुलदाणी उतरवली, बाजूचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि आतून चुरगळलेला एक कागद काढला. मशीन बंद असल्याची तक्रार त्यावर टाईप केलेली होती. तक्रारीची नक्कल काढतानाच ती अडकली होती. त्याने रोलर पुसला, टोनर हलवला, बटण दाबलं. मशीन खाकरली आणि सुरू झाली.

खिडकीसमोरच्या बाकांवर महिन्याभराची माणसं बसून होती. ती एकदम उभी राहिली.

"७२ तास आता लागले का मग?" संघदीपने विचारलं.

"७२ तासांत म्हणजे ७२ तासांच्या आत," ममता मॅडम कडक आवाजात म्हणाल्या. "मशीन चालू आहे तर आताच घेऊन जा. आणि तुम्हाला येतंच आहे तर बाकीच्यांचंही काढून द्या थोडं. आमचा माणूस ऑपरेटर नाही, माळी आहे."

चार वाजेपर्यंत संघदीपने तेवीस जणांच्या नकला काढल्या. पहिली मायच्या नावाची होती.

शुक्रवारी नागपूरला भूल देणाऱ्या मॅडमनी कागद हातात घेतले. लाल शाईची ओळ वाचून त्या खुर्चीत सरळ झाल्या. "हेच पाहिजे होतं. हे औषध पुन्हा दिलं असतं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि पान उलटून वरचं नाव पाहिलं. "मथुराबाई कोण?"

"मी," मथुराबाई म्हणाली. "पन बिमार हे होते."

संघदीपने पहिल्यापासून सांगितलं. फरार, पोलीस, बाटली, चिंधी. सांगताना त्याच्याच लक्षात आलं की यातलं एकही वाक्य शहाण्या माणसाचं वाटत नाही. मॅडम पूर्ण ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला खोटं वाटत नाही. पण उद्या मला कोणी विचारलं की एका बाईच्या कागदावर तुम्ही या माणसाला भूल कशी दिली, तर मी चिंधी दाखवू का? हे कागद यांचेच आहेत असं यात कुठे आहे?"

संघदीप खाली बसला. सोमवारपासून तो पहिल्यांदाच नीट बसला, आणि आता उठावंसं त्याला वाटेना.

मॅडम मात्र वाचत राहिल्या. चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. नर्सची नोंद होती, वेळेसकट, सहीसकट. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "नळीची चिकटपट्टी मिशीवर टिकत नसल्याने रुग्णाची मिशी काढली."

मॅडमनी आधी मथुराबाईच्या तोंडाकडे पाहिलं, मग डोमाजींच्या.

"मी म्हनत नव्हतो?" डोमाजी म्हणाले. वर्षभराचं ओझं उतरल्यासारखा त्यांचा आवाज झाला. "लिवलं हाय तं. सही बी हाय?"

"सही आहे."

"मंग ठीक."

मॅडमनी त्या ओळीखाली पेनने रेघ मारली. "झालं. आज ऑपरेशन करू. दुसरं औषध देईन." मग थोडं थांबून म्हणाल्या, "काका, मिशी पुन्हा काढावी लागेल."

डोमाजींनी मिशीवरून हात फिरवला. "काढा. पन मले सांगून काढा. अन् लिवा."

ते आत जायच्या आधी नर्स फॉर्म घेऊन बाहेर आली. संघदीप खाली रक्त द्यायला गेला होता, बाकावर मथुराबाई एकटी होती.

"पेशंटचं नाव?"

मथुराबाईने एकदा जिन्याकडे पाहिलं. पोरगा येत नव्हता.

"डोमाजी," ती म्हणाली. "डोमाजी मुनेश्वर. पुरुष. काय लिवलं थे वाचून दाखव बाई मले."

नर्सने वाचलं.

"अजून एकदा."

डोमाजी सव्वा तासाने बाहेर आले, श्वास स्वतःचा घेत. पाचव्या दिवशी सुट्टी झाली तेव्हा संघदीप तडक नागपूरच्याच दवाखान्यातल्या नकलांच्या खिडकीवर गेला. कशासाठी पाहिजे, असं तिथल्या माणसाने विचारलं. पुढच्या वेळेसाठी, तो म्हणाला, आणि तिथल्या मशीनचा आवाज कान देऊन ऐकला. चालू होती.

घरी आल्यावर त्याने कागदांचा गठ्ठा बाजेवर ठेवला. लॅमिनेशनचं नाव त्याने काढलं नाही. मथुराबाईने पेटीतून उरलेलं लुगडं काढलं, निळ्या काठाची अजून एक पट्टी फाडली आणि गठ्ठा घट्ट बांधला.

"याच्यावर नंबर तर लिहू दे," संघदीप म्हणाला.

"लिव. तुह्यासाठी लिव," ती गाठ मारत म्हणाली. "मले चिंधी वळखू येते."